मसुदा यंत्राचा, जावक क्रमांक शाळेचा: मुख्याध्यापकांनी एआय वापरण्याची रीत

शाळेतून बाहेर जाणाऱ्या कागदावर जावक क्रमांक पडतो, खाली मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का. तो कागद लिपिकाने टाइप केला, पर्यवेक्षकांनी लिहिला की चॅटजीपीटीने, हे केंद्रप्रमुख विचारत नाहीत. आकडा चुकला की खुलासा सही करणाऱ्यालाच द्यावा लागतो. पुढची सगळी रीत एवढ्या एका गोष्टीतून निघते. ती पुणे शहर आणि जिल्ह्यातल्या शाळांचे मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक यांच्यासाठी लिहिली आहे. मावळातली दोनशिक्षकी शाळा असो की पेठेतली दोन अधिवेशनांची जुनी संस्था, कागदाचं ओझं दोन्हीकडे थोडंफार सारखंच.

आधी कामं वाटून घ्या

मे महिन्याच्या शेवटी किंवा शाळा उघडण्याआधीच्या आठवड्यात शिक्षकांसोबत तासभर बसा आणि वर्षभरातली कार्यालयीन कामं फळ्यावर लिहून काढा. तीस-चाळीस कामं सहज निघतात. प्रत्येक कामापुढे दोन प्रश्न लिहा. यात चूक झाली तर नुकसान कोणाचं? आणि चूक कळल्यावर ती परत घेता येते का?

पालकसभेची सूचना, स्नेहसंमेलनाचं निवेदन, सहलीची सामानयादी, इतिवृत्ताचा कच्चा मसुदा यांत चूक झाली तर दुसरी सूचना काढता येते. ही कामं एआयला खुशाल द्या, वाचून पाठवा. वार्षिक नियोजन, वेळापत्रक, पोषण आहाराचा हिशेब, शाळा विकास आराखडा या कामांत त्याची मदत होते, पण प्रत्येक आकडा माणसाने पुन्हा मोजायचा.

उरलेल्या, तिसऱ्या ढिगातल्या कामांना एआयला हातच लावू द्यायचा नाही. शिक्षकांचे गोपनीय अहवाल, शिस्तभंगाची प्रकरणं, दाखल्यावरच्या जन्मतारखेच्या आणि जातीच्या नोंदी, प्रवेशाचे निर्णय, एखाद्या मुलाला अध्ययन अक्षमता असावी असा अंदाज, आणि लैंगिक अत्याचाराची कोणतीही तक्रार ही सगळी त्यात येतात. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार अशी तक्रार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावीच लागते. मुलाची ओळख जपणं हेही कायद्याचंच काम आहे. तिथे ‘पत्र जरा नीट लिहून दे’ म्हणून सगळी हकिकत एखाद्या चॅटबॉटला सांगणं म्हणजे ती हकिकत शाळेबाहेर नेणं. गोपनीय अहवालाचं कारण वेगळं आहे. खासगी शाळांतल्या सेवाशर्तींच्या १९८१ च्या नियमावलीनुसार प्रतिकूल शेरा शिक्षकाला कळवावा लागतो आणि त्याला त्यावर म्हणणं मांडता येतं. ‘हा शेरा कशाच्या आधारावर?’ असं त्याने विचारलं आणि वाक्य यंत्राचं निघालं, तर उत्तर कुठून आणणार?

कपाटातलं कपाटात

कोणत्याही एआय साधनात काय टाकायचं नाही याची यादी छोटी आहे आणि ती संगणकाशेजारी चिकटवून ठेवावी: विद्यार्थ्याचं आणि पालकाचं नाव, आधार क्रमांक, अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक), सरल या शासनाच्या ऑनलाइन नोंद प्रणालीतला विद्यार्थी क्रमांक, पत्ता, मोबाइल, जात, आजार, फोटो. हजेरीपटाचा किंवा जनरल रजिस्टरचा मोबाइलवर काढलेला फोटोही यातच आला. एकेक आकडा टाइप करायचा कंटाळा आला की लोक पानाचा फोटो काढून थेट टाकतात, आणि एका पानावर चाळीस मुलांची नावं जातात.

नावं काढून सांकेतिक क्रमांक द्यायचे तर हजेरी क्रमांक वापरू नका. तो वर्गातल्या सगळ्यांना पाठ असतो. क१, क२, क३ असे क्रमांक उलटसुलट द्या आणि कोणता क्रमांक कोणाचा ही किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवा. तेवढ्याने मात्र भागत नाही. सातवी ब मध्ये दृष्टिदोष असलेली एकच मुलगी असेल तर ‘सातवी ब, मुलगी, दृष्टिदोष, गणितात १२ गुण’ या ओळीत तिचं नाव लिहायचं बाकी राहिलेलं नसतं. म्हणून ज्या गटात दहापेक्षा कमी मुलं आहेत त्याची माहिती वेगळी काढून देऊ नका, मोठ्या गटात मिसळा. दहा हा आकडा कायद्यातला नाही, व्यवहारातला आहे. लहान शाळेत तर अख्खा वर्गच दहाच्या आत असतो. तिथे विद्यार्थीनिहाय माहिती बाहेर द्यायचीच नाही, हिशेब एक्सेलमध्ये करायचा.

मोफत खात्यांत बहुधा तुमचं संभाषण मॉडेल सुधारण्यासाठी वापरण्याची परवानगी आधीपासून चालू असते. चॅटजीपीटीत सेटिंग्जमधल्या डेटा कंट्रोल्समध्ये ‘इम्प्रूव्ह द मॉडेल फॉर एव्हरीवन’ हे बटण असतं, ते बंद करा. इतर साधनांतही अशीच सोय शोधा. शाळेचं गुगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन खातं असेल तर जेमिनी त्याच खात्यातून उघडा, कारण त्या खात्यातला मजकूर परवानगीशिवाय प्रशिक्षणासाठी वापरला जात नाही. स्वतःच्या जीमेलवरून उघडलेल्या जेमिनीला ही अट लागू नाही. बाहेरून दोन्ही एकसारखे दिसतात, म्हणून वर कोपऱ्यात कोणतं खातं आहे ते आधी बघायची सवय लावा. आणखी एक वाट व्हॉट्सअॅपची. शिक्षकांच्या ग्रुपमध्ये मेटा एआयला हाक मारून विचारलेला प्रश्न मेटाकडे जातो, मग ग्रुप कितीही घरचा असो.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. या कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण बालक आहे, म्हणजे बारावीची बहुतेक मुलंसुद्धा. त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांबाबतच्या जबाबदाऱ्या मोडल्या तर दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे. शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षेपुरती शाळांना काही सवलत दिली आहे, पण ती अरुंद आहे. ‘आम्ही शाळा आहोत, आम्हाला सगळं माफ’ असा तिचा अर्थ होत नाही. जूनमधल्या पालकसभेत संमतीपत्र भरून घेताना त्यावर कोणतं साधन, कशासाठी, कोणती माहिती हे तीन रकाने मराठीत असू द्या.

जुना फाँट, नवा घोटाळा

शाळेच्या संगणकातल्या पाच-दहा वर्षांपूर्वीच्या फायली श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतात. पडद्यावर त्या मराठी दिसतात, पण आत अक्षरं रोमनच असतात. असा मजकूर कॉपी करून एआयला दिला की त्याच्यापर्यंत नुसता अक्षरांचा कचरा पोहोचतो. गंमत अशी की ते ‘वाचता येत नाही’ असं म्हणेलच याची खात्री नाही. दोन-चार आकडे आणि तारखा ओळखून उरलेलं अंदाजाने रचून देतं, आणि उत्तर इतकं सफाईदार असतं की शंका येत नाही. म्हणून आधी परिवर्तकाने (फाँट बदलून देणाऱ्या साधनाने) मजकूर युनिकोडमध्ये आणा, मग जोडाक्षरं तपासा. परिवर्तनात ‘र’ आणि रफार सगळ्यात जास्त बिघडतात. वर्ग, कार्य, प्रशिक्षण, राष्ट्र हे चार शब्द फाइलमध्ये शोधून बघितले तरी अंदाज येतो.

वार्षिक नियोजन: इथे वेळ घालवा

एआयला ‘आमच्या शाळेचं वार्षिक नियोजन कर’ म्हटलं तर दोन मिनिटांत सुबक तक्ता येतो. त्याच्यावर विश्वास ठेवण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या: तासांची बेरीज आणि तारखा.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० अध्यापन तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास सांगितले आहेत. समजा, तुमच्या शाळेत ३५ मिनिटांच्या ८ तासिका होतात, म्हणजे दिवसाला २८० मिनिटं. एआय २२० ला २८० ने गुणतं, ६० ने भागतं आणि सांगतं: १,०२६ तास, अट पूर्ण. शनिवारी सकाळची शाळा असते आणि पाचच तासिका होतात, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. २२० दिवसांत ३६ शनिवार धरले तर हिशेब असा: १८४ दिवस गुणिले २८० मिनिटं म्हणजे ५१,५२०, आणि ३६ शनिवार गुणिले १७५ मिनिटं म्हणजे ६,३००. एकूण ५७,८२० मिनिटं, म्हणजे ९६३ तास आणि ४० मिनिटं. जवळपास ३६ तास कमी! सोमवार ते शुक्रवार रोज १२ मिनिटं वाढवली तर १८४ दिवसांत ३६.८ तास मिळतात आणि काम जेमतेम भागतं. सहल, क्रीडा महोत्सव, स्नेहसंमेलनाच्या तालमी यांचे तास अजून वजा केलेलेच नाहीत.

ही चूक यंत्राला गणित येत नाही म्हणून झालेली नाही. शाळा कशी चालते हे त्याला सांगितलं नव्हतं म्हणून झाली. त्यामुळे एआयला करायची मागणी लिहिताना शाळेचा सांगाडा पूर्ण द्या. नमुना असा:

‘तू मला इयत्ता सहावी ते आठवीच्या वार्षिक नियोजनाचा कच्चा आराखडा करून दे. शाळा मराठी माध्यमाची, पुणे शहरात. सोमवार ते शुक्रवार ३५ मिनिटांच्या ८ तासिका, शनिवारी सकाळी ५ तासिका. सुट्ट्यांची यादी खाली दिली आहे, त्याबाहेरची एकही सुट्टी स्वतःहून घालू नकोस. परीक्षेचे दिवस अध्यापनाच्या तासांत धरू नकोस. महिनावार पूर्ण दिवस, शनिवार आणि अध्यापनाची मिनिटं असे तीन स्वतंत्र रकाने दे. जी माहिती मी दिलेली नाही तिथे अंदाज करू नकोस, “माहिती हवी” असं लिही.’

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे. ते नसेल तर मोकळी जागा भरून काढायची यंत्राची खोड उफाळून येते. आणि बेरीज मात्र त्याच्याकडून करून घेऊ नका, त्याच्याकडून एक्सेलचं सूत्र लिहून घ्या आणि सूत्र शाळेच्या संगणकावर चालवा. चॅटमध्ये आलेली बेरीज कधी बरोबर असते कधी चूक, आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही. सूत्र चुकलं असेल तर ते डोळ्यांनी दिसतं, आणि पुढच्या वर्षी तेच परत वापरता येतं.

आता तारखा. आपले सण तिथीवर चालतात आणि एआय बहुतेक वेळा मागच्या वर्षीची तारीख उचलून थोडी मागेपुढे करतं. २०२५ मध्ये आषाढी एकादशी ६ जुलैला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती २५ जुलैला. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. अधिक मास विसरलेल्या आराखड्यात घटक चाचणी नेमकी गणपतीत येते. पुण्यात हे जास्त नडतं. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या एकादशीच्या पंधरवडाभर आधी शहरात मुक्कामाला असतात, तेव्हा कितीतरी शाळांच्या इमारती वारकऱ्यांच्या उतरण्यासाठी जातात आणि रस्ते बंद असतात. अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालू असते, म्हणून लक्ष्मी रस्ता, केळकर रस्ता, टिळक रस्त्याच्या परिसरातल्या शाळांनी त्या दुसऱ्या दिवशी परीक्षा ठेवायची नाही. हे कोणत्याही मॉडेलला आपोआप सुचणार नाही. पंचांग, जिल्ह्याची सुट्ट्यांची यादी आणि शाळेतल्या जुन्या शिपायांची आठवण, या तिन्हीवरून तारखा हाताने भरा आणि मगच यंत्राला द्या.

अतिवृष्टीची सुट्टी हा विषय नियोजनात येत नाही, पण इथेच सांगून टाकतो. सुट्टीचा आदेश प्रशासनाकडून येतो. ‘उद्या पुण्यात शाळांना सुट्टी आहे का’ हा प्रश्न एआयला विचारून पालकांना निरोप पाठवू नका.

वेळापत्रक

पाचवी ते आठवी, प्रत्येकी दोन तुकड्या, म्हणजे ८ वर्ग. आठवड्याला पाच दिवस ८ आणि शनिवारी ५ अशा ४५ तासिका. एकूण ३६०. शिक्षक १२ असतील तर प्रत्येकी ३० तासिका. सुरुवात या बेरजेपासून करा, कारण बेरीज जुळत नसेल तर जगातलं कोणतंही यंत्र वेळापत्रक बनवू शकत नाही. ते बनवल्याचा आव मात्र आणू शकतं. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास सांगितले आहेत ते तयारीसकट. एआय कधीकधी ते नुसत्या अध्यापनाचे समजून वाट्टेल तेवढा भार टाकतं, त्यावर लक्ष ठेवा.

चॅटबॉट वेळापत्रकाची चौकट छान भरतो, पण एकच शिक्षक बुधवारी तिसऱ्या तासिकेला दोन वर्गांत उभा असतो. एकेक शब्द जोडत जाणाऱ्या यंत्राला शेकडो अटी एकाच वेळी सांभाळणं जमत नाही, आणि एक टक्कर दुरुस्त करायला सांगितली की दुसरीकडे नवी निघते. त्यापेक्षा एफईटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर वेळापत्रकासाठीच बनलेलं आहे, ते वापरा. एआयचा उपयोग त्याच्या आधीच्या पायरीवर करा: शिक्षकांनी तोंडी सांगितलेल्या अडचणी ‘मोडायच्याच नाहीत’ आणि ‘जमलं तर पाळा’ अशा दोन याद्यांत मांडून घ्यायच्या. प्रयोगशाळा एकच आहे, मैदान एकावेळी एकाच वर्गाला पुरतं, दुपारच्या अधिवेशनाच्या आधी इमारत रिकामी करायला वेळ हवा, या पहिल्या यादीत. लोणावळा लोकलने येणाऱ्या बाईंना पहिली तासिका नको, ही दुसऱ्या. प्राथमिकचे वर्ग असतील तर चौथीपर्यंतची शाळा सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याबद्दल शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलेली सूचनाही लक्षात घ्या.

तपासणी एक्सेलमध्ये करा. ओळीत वर्ग, उभ्या रकान्यात ४५ तासिका, चौकटीत शिक्षकाचा संकेत. प्रत्येक उभ्या रकान्यात दुहेरी नोंद लाल दिसेल असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावा. एकही लाल चौकट नको. मग काउंटइफ हे मोजणीचं सूत्र लावून प्रत्येक शिक्षकाच्या ३० भरतात का ते बघा, आणि शेवटी वर्गनिहाय विषयांच्या तासिका मोजा. ही तिसरी मोजणी बरेचजण सोडतात. मग ऑगस्टमध्ये कळतं की सहावी अ ला चित्रकलेची तासिकाच नाही.

पोषण आहाराच्या मागणीचा हिशेब

इथली ठरावीक चूक म्हणजे सगळ्या मुलांना एकच प्रमाण. तांदूळ पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. लहान गटात १४० आणि मोठ्या गटात ९६ मुलं असतील तर २२ दिवसांना ३०८ आणि ३१६.८, एकूण ६२४.८ किलो. सगळ्यांना १०० ग्रॅम धरलं की ५१९.२ किलो निघतात आणि महिनाअखेरीला १०५.६ किलो कमी पडतात. एआयला हा हिशेब सांगताना प्रमाण स्वतः द्या आणि पटसंख्या धरायची की सरासरी उपस्थिती तेही सांगा.

शासन निर्णय त्याला विचारू नका

‘या विषयावरचा ताजा जीआर कोणता?’ असं विचारलं की एआय क्रमांक, तारीख, विषय सगळं देतं, आणि कितीतरी वेळा तसा निर्णय अस्तित्वातच नसतो. शासन निर्णयाची भाषा आणि घडण त्याने पाहिलेली असते, त्यामुळे नकली माल हुबेहूब उतरतो. शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीला की पाचवी-आठवीला, यासारख्या मधल्या काळात बदललेल्या गोष्टींवर तर ते ठामपणे जुनं उत्तर देतं.

खरा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर सापडतो आणि त्यावर लांबलचक संगणक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो संकेतांक शोधून मूळ पीडीएफ उतरवा आणि ती फाइल एआयला देऊन प्रश्न विचारा. उत्तरासोबत परिच्छेद क्रमांक मागा आणि तो परिच्छेद स्वतः उघडून वाचा. निर्णय ‘अधिक्रमित’ झालाय का, म्हणजे त्याच्या जागी नवा आलाय का, हे मात्र यंत्राला फाइलवरून कळत नाही. ते केंद्रप्रमुखांना किंवा गटशिक्षणाधिकारी कार्यालयात फोन करूनच विचारावं लागतं.

गैरहजेरी आणि ‘धोक्यातली मुलं’

कोणत्या मुलांची गळती होऊ शकते याचा अंदाज काढून देणारी साधनं आता विकायला येतात. महिनावार हजेरी सांकेतिक क्रमांकांनी दिली तर साधा चॅटबॉटही घसरण दाखवून देतो, आणि तेवढं उपयोगी आहे. पण कारण त्याला ठाऊक नसतं. दिवाळीनंतर पट घटतो तो ऊसतोडीमुळे, बांधकामाची साइट वाघोलीहून दुसरीकडे गेली म्हणून, की घरी धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नाही म्हणून, हे वर्गशिक्षक घरी जाऊन आले की समजतं. स्थलांतर असेल तर नव्या गावच्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड हातात द्यायचं काम त्याच आठवड्यात व्हायला हवं. तिथे आलेख काढत बसू नका.

यादीला नाव देताना जपा. ‘धोक्यातली मुलं’ असं शीर्षक असलेला कागद शिक्षक खोलीच्या टेबलावर पडला की ते विशेषण पोरांना चिकटतं. ‘गृहभेटीची यादी’ म्हणा, आणि भेट झाली की नाव खोडा. चेहरा पाहून हजेरी घेणारं किंवा मुलांचं ‘लक्ष’ मोजणारं यंत्र कोणी विकायला आलं तर नम्रपणे परत पाठवा. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्याने शाळेत भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळता, बंदीच घातली आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही, म्हणून ती विकत घ्यावीत असं होत नाही. बाकी कोणतंही सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याकडून लेखी घ्या: माहिती कुठे साठवली जाते, करार संपल्यावर किती दिवसांत पुसतात, आणि आमची माहिती आम्हाला एक्सेलमध्ये परत मिळेल का.

वर्णनात्मक नोंदी आणि सूचनांची भाषा

प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदी एआयकडून लिहून घेण्याचा मोह सगळ्यात मोठा. खरं सांगायचं तर आधीही त्या मार्गदर्शक पुस्तिकेतून उतरवल्या जातच होत्या, त्यामुळे सगळा दोष यंत्राला देता येत नाही. एक तडजोड चालते. शिक्षकाने प्रत्येक मुलाबद्दल स्वतः पाहिलेली एक गोष्ट सहा-आठ शब्दांत लिहायची: ‘अपूर्णांकाची बेरीज चित्र काढून करतो’, ‘गटात बोलत नाही, वहीत छान लिहिते’. त्यावरून वाक्य नीट करून घ्यायला हरकत नाही. निरीक्षणाची ओळ रिकामी असेल तर नोंदही रिकामी राहू द्यावी. पर्यवेक्षकांनी एका वर्गाच्या दहा नोंदी सलग वाचाव्यात. मुलांची नावं अदलाबदल करूनही नोंदी चालत असतील तर त्या परत द्या.

सूचनांच्या भाषेचं दुखणं वेगळं. ‘आम्हाला आपणास कळविण्यास आनंद होत आहे की आपल्या पाल्याच्या सर्वांगीण विकासाच्या दृष्टीने...’ अशी सुरुवात झाली की व्हॉट्सअॅपवर पालक पुढे वाचतच नाहीत. मागणीतच सांगा: पाच ओळी, पहिल्या ओळीत काय आणि कधी, दुसरीत काय आणायचं, तारखेसोबत वार. ‘शनिवारी, २२ तारखेला सकाळी ९ वाजता पालकसभा आहे. येताना प्रगतिपुस्तक आणा.’ मग वार आणि तारीख कॅलेंडरवर जुळवून बघा. तारीख बरोबर आणि वार भलताच, ही चूक फार वेळा होते.

शिक्षकांचा आणि मुलांचा वापर

शिक्षकाने टाचण एआयकडून काढलं तर त्याला रागावण्यात अर्थ नाही. ‘यातलं आपल्या वर्गासाठी काय बदललं?’ एवढं विचारा. मुलांचा निबंध एआयचा आहे का हे ओळखणारी साधनं मात्र वापरू नका. ओपनएआयने स्वतःचंच असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. संशय आला तर मुलाला पाच मिनिटं समोर बसवून त्याच्याच निबंधाबद्दल बोलतं करा. आणि सत्र परीक्षेची प्रश्नपत्रिका परीक्षा होईपर्यंत कोणत्याही चॅटबॉटला ‘तपासून दे’ म्हणून द्यायची नाही. संविधान तक्ता (कोणत्या घटकाला किती गुण याचा आराखडा) द्या, सरावाचे प्रश्न करून घ्या, मूळ पत्रिका कपाटात.

एक वही

या सगळ्याला लागणारं साहित्य म्हणजे शंभरपानी वही. जावक रजिस्टरसारखे रकाने आखा: अनुक्रमांक, तारीख, काम, कोणतं साधन, काय माहिती दिली, कोणी तपासलं, काय दुरुस्त केलं, जावक क्रमांक. लिपिक, पर्यवेक्षक, मुख्याध्यापक, सगळ्यांची नोंद एकाच वहीत. पालकसभेची सूचना लिहिली तर एक ओळ पुरते. शाळा विकास आराखड्याचा मसुदा केला तर सांकेतिक क्रमांकांची किल्ली कोणत्या कपाटात आहे तेही लिहा. आराखडा शाळा व्यवस्थापन समितीने तयार करायचा असतो आणि समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणून मसुदा सभेत वाचून दाखवा, एआयची मदत घेतली हे सांगा आणि तसं इतिवृत्तात येऊ द्या. सभेचं ध्वनिमुद्रण करून इतिवृत्त काढायचं असेल तर आधी सदस्यांची संमती घ्या. मराठी बोलणं अक्षरांत उतरवताना आडनावं आणि रकमा हमखास चुकतात, ठरावाचे आकडे सूचक-अनुमोदकांसमोर वाचून घ्या.

महिन्यातून एकदा वही उघडून ‘काय दुरुस्त केलं’ हा रकाना वरून खाली वाचा. एकाच प्रकारची दुरुस्ती तीनदा दिसली तर ते काम यंत्राकडून काढून घ्या किंवा मागणीत त्याबद्दल एक वाक्य वाढवा. सगळा रकाना ‘काही नाही, काही नाही’ असा भरलेला दिसला, तर कोणी वाचतच नाही असं समजा आणि पुढचे दोन आठवडे प्रत्येक कागदावर तपासणाऱ्याची आद्याक्षरं पडल्याशिवाय जावक क्रमांक देऊ नका.